पाठीला ऐकू येणारा खोकला

माझं नाव भागवत. वस्तीवर मला समोर तात्या म्हणतात आणि माघारी थापाड्या तात्या.

म्हणणारे खोटं बोलत नाहीत. मुळा धरणातल्या मगरीनं माझ्याकडं बिडी मागितली, ही गोष्ट मीच पसरवली. उसात बिबट्या आडवा आला तेव्हा मी त्याला, "बाबा, पलीकडच्या फडात जा, इथं माणसं कामाला हायेत," असं बजावलं आणि तो गेला, हीसुद्धा माझीच. लोक हसतात, चहा पाजतात. म्हाताऱ्याला आणखी काय पाहिजे?

पण आज सांगतोय ती गोष्ट खरी आहे.

खरी कशावरून? थाप मारताना मी तारीख, वार, वेळ सगळं चोख सांगतो. मगरीचे दातसुद्धा मोजून सांगितलेत. या गोष्टीतली तारीख मला आठवत नाही...

आठवायचीच नाही.

एवढं सांगतो, दोन हंगामांमागची गोष्ट आहे. संक्रांत होऊन गेली होती. राहुरीजवळ, मुळेच्या उजव्या कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. तिथल्या आमच्याच उसात हे घडलं.

आणि रात्र नव्हती बरं का. अमावस्या नव्हती, कुत्री रडत नव्हती, असलं काही नव्हतं. भर दुपार होती. लख्ख ऊन.

शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं माझं एक काम आहे.

वैजनाथ हा माझा पुतण्या. माझा थोरला भाऊ गेला आणि त्याचा जुना निळा ट्रॅक्टर वैजूकडं आला. लहान इंजिनाचा, तीन सिलिंडरचा. नांगरटीला बरा, पण उसाची भरलेली ट्रॉली मागं लावली की त्याचा जीव घशाशी यायचा.

आणि सुरू होताना तर काय विचारता!

वैजू किल्ली फिरवायचा.

खॉक्...

काळा धूर. बंद.

पुन्हा किल्ली.

खॉक्...

पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सगळं अंग हलवून एक मोठा खोकला, आणि मग कुठं तो धडधडायला लागायचा. त्यानंतरही जरा वेळ तसाच चालू ठेवावा लागायचा, नाहीतर जागेवर मान टाकायचा. सगळी वस्ती त्याला 'दमेकरी' म्हणायची.

त्या हंगामात आमच्याकडं ऊसतोडीला टोळी होती पाथर्डीकडची. त्यात रामहरी, त्याची बायको जया आणि रामहरीची आई लंकाबाई. लंकाबाई वयानं माझ्याएवढी. कोयता चालवणं सुटलेलं, पण वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायची, मोळ्या बांधायची, अन् तोंडाचा पट्टा चालू. माझ्या थापेला थाप देणारी या पंचक्रोशीत ती एकटीच भेटली.

"तात्या, तुमच्या मगरीनं बिडी मागितली. आमच्याकडं पाथर्डीला पानीच न्हाई, तर मगर पायी पायी येती अन् आधी तांब्याभर पानी मागती."

त्या दिवशी चहा मीच पाजला.

तिच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, तिला दमा होता. दुसरी, तिला ऐकू येत नव्हतं. समोर तोंड करून मोठ्यानं बोललं तर कळायचं, पाठीमागून काही नाही. हॉर्नसुद्धा नाही.

दुपारी भाकरी झाली की ती ट्रॉलीच्या सावलीत जायची. पुढच्या डाव्या चाकाला पाठ लावायची, तंबाखू मळायची, हात लांबवून चुन्याचं उरलेलं बोट ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डला आतून पुसायची आणि डोळे मिटायची. तिथं चुन्याचे पांढरे फराटे पडले होते. वैजू कुरकुरायचा.

"मावशी, माझ्या गाडीची भिंत केली का?"

"तुपल्या गाडीला काजळ-तीट लावते, लेकरा. नजर लागंल."

एकदा मी तिला विचारलं, "लंकाबाई, चाकाला टेकून झोपता. ऐकू येत न्हाई. गाडी निघाली म्हंजे?"

ती हसली. हसताना तिला खोकला यायचा.

"कानाला न्हाई येत. पाठीला येतंय की! तुपलं टॅक्टर खोकलतं, ते चाकातून पाठीत वाजतं. एकदा खोकललं की जाग येती. दुसऱ्यांदा पदर सावरते. तिसऱ्यांदा मी बाजूला. आमी दोघं बी दमेकरी, एकमेकाची हाक वळखतो."

आणि तसंच चालायचं. मी रोज बघायचो. पहिला खोकला, म्हातारीचे डोळे उघडले. दुसरा, पदर. तिसरा, ती उठून बांधावर. ट्रॉली निघायची आणि ती मागून हात करायची, पोराला शाळेला धाडल्यासारखी.

वैजूला मात्र दोन ट्रॉल्या ओढायच्या होत्या. शेजारच्यांचे ट्रॅक्टर मोठाली गाणी वाजवत दोन-दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याला जायचे आणि आमचा दमेकरी एका ट्रॉलीत चढाला रडायचा. नवा ट्रॅक्टर घ्यायचा नव्हता, बापाचा मोडायचा नव्हता. मग त्यानं ठरवलं, अंग बापाचंच ठेवायचं, काळीज बदलायचं.

राहुरीचा कानिफ मिस्त्री आला. भंगारात निघालेल्या एका मोठ्या ट्रॅक्टरचं चार सिलिंडरचं इंजिन त्यानं आणलं. आमच्या कडुनिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधली. ट्रॅक्टर मधोमध फोडला. पुढची चाकं एकीकडं, मागचं धूड एकीकडं. मला तर बघवेना. मोठं इंजिन लांबीला जास्त, म्हणून पुढचा सांगाडा सरकवला, जोडाला नवी जाड प्लेट करून बसवली, बॉनेटला पत्र्याचा तुकडा जोडून नाक लांब केलं.

"कानिफ, रेड्याला हत्तीचं डोकं लावलंस रे," मी म्हणालो.

"तात्या, सोंड तुमी लावा. तुमची थाप पुरंल तेवढी."

जुनं इंजिन कडुनिंबाखाली उलटं पडलं. त्यातले पिस्टन, हेड वगैरे भंगारवाल्यानं नेले. उरला नुसता लोखंडी खोका. आठवड्यात आमच्या कोंबडीनं त्याच्या पोटात अंडी घातली.

नवं इंजिन सुरू केलं तेव्हा सगळी टोळी बघायला आली होती. राजेश्वरीनं, म्हणजे वैजूच्या बायकोनं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. वैजू सीटवर बसला. किल्लीला बोट लावलं न लावलं तोच...

भर्र!

एका फटक्यात. खोकला नाही, धूर नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"आता जन्मात खोकायची न्हाई," कानिफ मिस्त्री म्हणाला.

लंकाबाईला ऐकू आलं नव्हतं. तिनं जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवला. इंजिन चालू आहे हे तिला हातानं कळलं. मग ती वैजूकडं बघून मोठ्यानं म्हणाली,

"अगं बया! ह्यो तर मुका निघाला. मंग मला कोन उठवील?"

सगळे हसले.

वैजूही हसला. सीटवरून वाकून, तिला दिसेल असं तोंड करून म्हणाला, "मी हाय ना मावशी! मी येतो अन् तुमच्या कानाशी खोकतो. तीनदा."

"येशील का खरंच?"

"तुमची आन."

त्यात काही मोठं नव्हतं. माणूस हसता हसता बोलतो तसं तो बोलला. नारळाचं खोबरं वाटलं, लोक पांगले.

त्यानंतरची दुपार. तीच, जिची तारीख मला आठवत नाही.

ट्रॉली भरून झाली होती. टोळी भाकरी खाऊन विसावली होती. मी बांधावर दोन-तीन जणांना बिबट्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. कारखान्यावरून गाडीचा नंबर लागल्याचा फोन आला, आणि वैजू घाईनं ट्रॅक्टरवर चढला.

त्यानं हॉर्न वाजवला. चांगला लांब वाजवला. मी ऐकला, टोळीनं ऐकला. कालव्याच्या पलीकडं ढोरं वळणाऱ्यानंही ऐकला असेल.

मग त्यानं किल्लीला बोट लावलं.

भर्र...

खोकला आला नाही.

इतकी ताकद की भरलेली ट्रॉली काडेपेटीसारखी हलली.

आणि जया ओरडली.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही समजून घ्या.

पोलीस आले, पंचनामा झाला. अपघात होता, अपघात म्हणूनच नोंद झाली. "हॉर्न वाजवला हुता का?" असं विचारलं. वैजू म्हणाला, "वाजवला हुता." टोळी म्हणाली, "व्हय, वाजवला हुता." रामहरी, तिचा सख्खा लेक, डोळे पुसत म्हणाला, "वाजवला हुता, सायेब. आईला ऐकू येत नव्हतं."

कुणी खोटं बोललं नाही.

आणि पाठीला ऐकू येणाऱ्या खोकल्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. ते काय कागदावर लिहिण्यासारखं होतं?

रामहरी आणि जया आईला घेऊन पाथर्डीला गेले. दिवसपाणी उरकून परत आले, कारण फड अर्धा उभा होता आणि टोळी इथंच होती. वैजू त्यांच्याशी बोलायचा, पण डोळ्याला डोळा द्यायचा नाही. जया त्याच्या हातून पाणी घ्यायची. तेच त्याला जास्त लागायचं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याची सुटका तरी झाली असती.

"तात्या, हॉर्न वाजवला हुता ना मी?" तो मला विचारायचा.

"वाजवला हुता."

"तुमी ऐकला ना?"

"ऐकला."

रोज. जेवताना, मोटार चालू करताना, मध्येच. रोज तेच.

ट्रॅक्टर बरेच दिवस उभा होता. मग एके दुपारी ट्रॉली भरली आणि त्याला चढावंच लागलं. मी जवळच होतो. त्यानं आधी खाली उतरून चारी चाकांमागं बघितलं. कुणी नव्हतं. मग हॉर्न वाजवला. मग किल्ली...

खॉक्...

वैजूचा हात किल्लीवरच थांबला.

पुन्हा फिरवली.

खॉक्...

मी बांधावरून उठून उभा राहिलो. टोळीतल्या बायांच्या हातातले कोयते थांबले.

खॉक्...

आणि मग इंजिन सुरू झालं. गुळगुळीत, एका लयीत.

धूर आला नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दमेकरी खोकायचा तेव्हा काळा लोट यायचा. या खोकल्याला धूरच नव्हता...

त्या दिवसापासून रोज तसंच. तीन खोकले, मग इंजिन. कानिफ मिस्त्रीला बोलावलं. त्यानं नोझल बदलले, डिझेलची लाईन उतरवून हवा काढली, बॅटरी बघितली. तरी खोकला तसाच. लोक म्हणायला लागले, भंगाराचं इंजिन आणलं, कुणाच्या अपघाताच्या गाडीचं असेल. कानिफ चिडला. जिथून इंजिन आलं होतं तिथं जाऊन चौकशी करून आला. मालक धडधाकट होता, त्याची गाडी शेडात उभी राहून गंजली होती. त्या इंजिनाच्या वाट्याला कुणाचं मरण नव्हतं.

"तात्या, तुमी किल्ली फिरवा," कानिफ म्हणाला. ट्रॉली सोडून बाजूला केली होती. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. मिस्त्री लोक असंच ऐकतात, डॉक्टर छाती ऐकतो तसं.

मी किल्ली फिरवली.

खॉक्...

कानिफनं कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्हा."

खॉक्...

त्यानं स्क्रू ड्रायव्हर कानापासून काढला. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "इंजिन गप हाय."

"मंग?"

"खोकला हितून न्हाई येत. तिकडून येतोय..."

त्यानं बोट दाखवलं. सोडून ठेवलेल्या ट्रॉलीकडं. डाव्या चाकाकडं.

तिथं कुणी नव्हतं. नुसती सावली पडली होती.

कानिफनं पान्हे पेटीत टाकले. राजेश्वरीनं चहा टाकला होता, तो न घेताच गेला. गरम चहा सोडून गेलेला मिस्त्री मी आयुष्यात तेवढाच बघितला.

राजेश्वरी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुमाला सगळ्यांना कळतंय, अन् बोलत कुनीच न्हाई. त्यो खोकला टॅक्टरचा न्हाई, तात्या. बाईचा हाय."

हंगाम संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. पुन्हा दुपार. वैजू आता खाली उतरून बघायलाही कंटाळला होता. माणूस भीतीलासुद्धा सरावतो. हॉर्न वाजवला, किल्ली फिरवली.

खॉक्... खॉक्... खॉक्...

इंजिन सुरू झालं नाही.

पुन्हा फिरवली. तीन खोकले. सुरू नाही.

पुन्हा. तीन नाही, आता मोजणंच सुटलं. खोकल्यामागून खोकला, दम लागलेल्या माणसाची उबळ येते तसा... छातीतून, पोटातून, थांबायचं नावच नाही.

वैजूनं किल्ली सोडली. हात वर केले.

खोकला चालूच...

किल्ली कुणी धरली नव्हती. इंजिन बंद होतं. आणि खोकला चालू होता.

वैजू सीटवरून किंचाळला, "मावशी, बास! हॉर्न वाजवला हुता मी! वाजवला हुता!"

मी धावलो. ट्रॅक्टरच्या मागं, ट्रॉलीच्या डाव्या बाजूला.

चाकाला पाठ लावून जया झोपली होती.

रात्रभर तोड चालली होती, पोरीला ग्लानी आली असावी. पाय लांब केलेले, मान कलती. हॉर्ननं तिला जाग आली नव्हती.

मी तिला दंडाला धरून ओढलं. तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं नाही, स्वतःच्या डाव्या बाजूला बघितलं, शेजारी कुणी बसलंय असं. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई लई खोकत हुत्या," ती झोपेतच म्हणाली. "म्हनलं, उठून पानी द्यावं..."

खोकला थांबला होता.

वैजू ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. जया उठून टोळीकडं निघून गेली. जाता जाता मडगार्डपाशी थांबली. तिथले चुन्याचे फराटे तिनं बोटानं चाचपले.

बोटाला ओला चुना लागला.

आता तुम्ही म्हणाल, तात्या, म्हातारी भली निघाली. जिवंतपणी जे तिला कुणी दिलं नाही ते ती दुसऱ्याला देत होती. राखण करत होती. मग भ्यायचं कशाला?

मीही वैजूला हेच म्हणालो. "असू दे खोकला. ज्या दिवशी खोकेल त्या दिवशी समज, ती हाय."

पण ज्याच्या हातून गेली त्याला ते कसं सोसावं? माझ्यासाठी ती राखण होती. त्याच्यासाठी रोजची साक्ष होती. किल्ली फिरवली की तीन वेळा तेच विचारायची... येशील का खरंच?

पावसाळ्यात मी भंडारदऱ्याला लेकीकडं चार दिवस गेलो होतो. परत आलो तर शेडात ट्रॅक्टर नाही.

"विकला," वैजू म्हणाला.

"कुनाला?"

"कोपरगावचा अजिनाथ म्हनून यापारी हाय."

"अन् त्याला खोकल्याचं?"

वैजू जमिनीकडं बघत राहिला. "खोकलाच न्हाई ना, तात्या! त्याच्यासमोर किल्ली लावली, एका बोटात सुरू. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. एकदाबी खोकला न्हाई. मी काय सांगू त्याला?"

त्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. खूप दिवसांनी. सुटलो, असा आनंद. मीही मनात म्हणालो, जाऊ दे, म्हातारी शांत झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर कलंडलो होतो. राजेश्वरी आत भांडी घासत होती. वस्तीवर दुसरा आवाज नव्हता. तेवढ्यात कोंबडी कलकलाट करत कडुनिंबाखालून पळाली.

मग...

खॉक्...

मी उठून बसलो. शेड रिकामं. रस्ता रिकामा.

खॉक्...

कडुनिंबाकडून.

तिथं जुनं इंजिन होतं. नुसता खोका. पिस्टन नाही, हेड नाही, डिझेलचा थेंब नाही. पोटात कोंबडीची अंडी.

खॉक्...

मी जवळ गेलो. म्हाताऱ्या माणसाला मरणाची फार भीती नसते, असं लोक म्हणतात. लोकही थापा मारतात. अंडी गार पडली होती. आणि त्या गंजलेल्या लोखंडाच्या डाव्या अंगाला...

चुन्याचं बोट. ताजं.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं त्यानं उन्हातही माझ्या अंगावर काटा आला. ती ट्रॅक्टरबरोबर गेलीच नव्हती. ती आमच्याकडंच राहिली होती, दमेकऱ्यापाशी. एकमेकाची हाक ओळखणारी दोघं.

आणि ते लांब नाकाचं मुकं धूड एकटंच गेलं होतं. मागं खोकणारं कुणी नसताना.

मी लगेच अजिनाथला फोन लावला. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, पटलं त्याला.

मग तो फिस्सकन हसला.

"तात्या, मगरीला बिडी देनारे तुमीच ना? राहुरीच्या बाजारात ऐकलंय मी तुमचं. पर ही मगरीपरीस भारी हाय बघा!"

"अरे बाबा, ही खरी हाय!"

"मगरीची बी खरीच हुती की."

"बरं, टॅक्टर कुठंय तेवढं सांग."

"त्यो आल्या आल्याच इकला. बाजारात उभा केला अन् गेला. कुनी वैजापूरकडचा हुता का येवल्याकडचा... एका बोटात सुरू होतो म्हनल्यावर कोन सोडतंय?"

त्यानंतर मी पुष्कळांना विचारलं. कारखान्यांच्या नंबरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांची नाकं बघत हिंडलो. सापडला नाही. ज्यांना सांगितलं ते हसले. कुणी चहा पाजला. जन्मभर थापांवर चहा प्यालो, आता खऱ्यावरही चहाच मिळतो.

वैजूचं सांगायचं राहिलं.

तो आता दुपारी भाकरी झाली की कडुनिंबाखाली जातो. जुन्या इंजिनाला पाठ लावून बसतो. मोटरसायकल काढायची असो, पाण्याची मोटार चालू करायची असो, आधी तिथं जाऊन तीनदा खोकतो. आन घेतली होती ना! राजेश्वरीनं त्याला नगरला नेऊन छातीचा फोटो काढून आणला. छाती साफ आहे.

परवा मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"वैजू, उठ. ऊन लागंल."

तो बसून राहिला. डोळे मिटलेले. मग त्याचा खोकला ऐकू आला. एकदा. दुसऱ्यांदा. दम्याचा, ओला, बाईमाणसाचा...

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मी तिथून उठलो आणि नातीकडून मोबाईल मागून घेतला. तिच्याकडून शिकून हे सगळं लिहितोय, कारण अशा गोष्टी वाचणारे लांबलांबचे असतात म्हणे, आणि तुमच्यापैकी कुणी मला ओळखत नाही. माझी मगर तुमच्या कानावर आलेली नाही.

तर आता माझं काम.

तुमच्या किंवा तुमच्या शेजाऱ्याच्या दारात जुना निळा ट्रॅक्टर असेल, बॉनेटला पत्र्याचा जोड असेल, नाक अंगाला न शोभेल एवढं लांब असेल आणि किल्लीला बोट लावताच सुरू होत असेल, तर त्याच्या डाव्या मडगार्डला आतून हात लावून बघा. ओला चुना लागला तर मी नशीबवान. ती तिकडं पोचली.

कोरडा लागला तर मात्र सुरू करण्याआधी उतरा. ट्रॉलीच्या मागचा लोखंडी फाळका जोरात वाजवा. चारी चाकांमागं वाकून बघा. रोज बघा. कंटाळा आला तरी बघा.

नुसत्या हॉर्नवर राहू नका.

हॉर्न आम्हीही वाजवला होता.